पहारीचं तापलेलं टोक

मेलेल्या गांडुळांनी भरलेली पाटी सर्जेरावानं आनंदाच्या तोंडावर मारली.

आनंदा धार काढत उकिडवा बसला होता. पाटीची कड त्याच्या भुवईवर बसली, तो मागं कलंडला, गुडघ्यांत धरलेली बादली उलटली आणि बुजलेल्या गाईनं झाडलेली लाथ त्याच्या मांडीवर बसली. गांडुळं दुधात पडली. गोठ्याच्या फरशीवरून पांढऱ्या दुधातून तांबूस दोऱ्या वाहत गटाराकडे निघाल्या.

मी दारात किटली घेऊन उभी होते. रोज सकाळी सातला मी आनंदाच्या गोठ्यावर दूध घ्यायला जायची आणि तिथूनच शाळा उघडायला. कमरेला शाळेच्या किल्ल्या, एका चिंधीत ओवून खोचलेल्या. त्या दिवशी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू व्हायची होती.

"ऊठ," सर्जेराव म्हणाला. "ऊठ की रं. बसलेल्या माणसाला मारायला मला बरं वाटंना."

"सर्जा, आरं काय झालं?" आनंदानं डोळ्यांवरचं रक्त पुसलं. "सकाळच्या पारी पिऊन आलायस काय?"

सर्जेरावानं त्याला बंडीला धरून उचललं आणि गव्हाणीवर आपटलं. दगडी गव्हाण. आनंदाच्या पाठीतून आवाज आला, तो मला दारात ऐकू आला. मग पोटात गुडघा, मग परत गुडघा. आनंदा काटकुळा, सर्जेराव पैलवानी अंगाचा. पण काटकुळ्या माणसाचे हात मोकळे होते. त्यानं पडलेली बादली उचलली आणि सर्जेरावाच्या कपाळावर हाणली. कातडी फाटली. दोघंही दुधात घसरले आणि एकमेकांच्या नरड्याला धरून गाईंच्या पायांत लोळायला लागले. गाई दावी ताणून हंबरत होत्या. एका गाईचा खूर आनंदाच्या कानाशेजारी आदळला.

"सोडा! सर्जा! आनंदा!" मी ओरडले. पंचवीस वर्षं मी वर्गात आवाज चढवला नव्हता. तो चढवायचा कसा हे मला त्या दिवशी ठाऊकच नव्हतं.

ही दोघं एकेकाळी माझी सातवीची मुलं. एकाच बाकावर बसायची. सर्जेराव गणित चुकवायचा, पण स्वतःचं चुकवायचा. आनंदाचं गणित बरोबर यायचं, आणि खाडाखोड पाहिली की कळायचं, ते सर्जेरावाच्या नाहीतर तिसऱ्याच कुणाच्या वहीतून आलंय. गृहपाठ गाईनं खाल्ला, असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं. कुठल्या गाईनं, विचारलं तर नाव, रंग, शिंगांची ठेवण सगळं सांगितलं. मी हसले होते. पण लक्षात ठेवलं होतं.

आनंदाची बायको शेवंता घरातून धावत आली. तिनं सर्जेरावाचे केस धरून ओढले. त्यानं कोपर मागं मारलं, ती भिंतीवर जाऊन पडली आणि तिथंच तोंडाला पदर लावून बसली.

"माझं समदं वाफं मेलं!" सर्जेराव ओरडला. तो आता आनंदाच्या छातीवर बसला होता. "चारीच्या चारी! आठ वर्षं जीव लावला मी त्येंना. रातसारी समदी वर आली, बाहेर लोंबाया लागली, आन् सकाळी बघतोय तर जाळीगत पसरलेली. येक जित्तं न्हाई. तुझं शेण खाऊन मेली ती!"

"माझं शेण लई दिवस खात्यात ती."

"औषिधाचं घातलंस!"

"न्हाई घातलं."

"कच्चं घातलंस, आनंदा!"

हे औषधाचं प्रकरण मला सांगितलं पाहिजे, कारण ते मीच या दोघांच्या डोक्यात घातलं होतं.

आनंदाच्या गोठ्यात चौदा गाई. त्यांचं शेण ओढ्यापलीकडे सर्जेरावाच्या गांडुळांच्या वाफ्यांत जायचं. त्या सकाळच्या आठ वर्षं आधी शाळेच्या मागं मी मुलांना दाखवायला एका माठात गांडुळं पाळली होती. सर्जेरावानं त्यातली ओंजळभर मागून नेली आणि त्याचे चार वाफे केले. मूल नव्हतं त्याला. संध्याकाळी वाफ्यावरचं गोणपाट उचलून तो त्यांच्याशी बोलायचा, हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

गाईंना जंताचं औषध पाजलं की ते सगळं गाईच्या अंगात मुरत नाही. बरंचसं शेणातून बाहेर येतं. आणि औषधाला काय कळणार, हा पोटातला जंत आणि हे मातीतलं गांडूळ? एकदा सर्जेरावाचा अर्धा वाफा असाच गेला. तेव्हा मी पुस्तकं चाळली, तालुक्याला शेतीच्या शिबिरात जाऊन बसले आणि येऊन दोघांना नेम घालून दिला. औषध पाजलेल्या गाईच्या शिंगाला निळी चिंधी बांधायची. चिंधी आहे तोवर तिचं शेण वेगळं. त्याचा उसाच्या पाचटाबरोबर थरावर थर देऊन छातीएवढा ढीग घालायचा, पाणी मारायचं, दर चौथ्या दिवशी वरचं खाली, आतलं बाहेर परतायचं. ढीग आतून तापतो. त्या तापात औषध मोडतं. तीन आठवड्यांनी ते शेण गांडुळांपुढं ठेवायचं.

ढीग तापला की नाही हे बघायला आमच्याकडे थर्मामीटर नव्हता. मी पहार खुपसायला सांगितली. लोखंडी पहार ढिगाच्या पोटात घालून ठेवायची, उपसायची आणि आतलं टोक मुठीत धरून दहा मोजायचे. दहापर्यंत धरवलं, तर ढीग थंड आहे. सहा-सातच्या आत हात सुटला, तर बरोबर तापलाय. माझी शाळेतली मुलं हे करायला गोठ्यावर यायची तेव्हा रांग लागायची. कोण किती मोजतो, यावर पैजा लागायच्या.

सर्जेरावाचे अंगठे आता आनंदाच्या घशात रुतले होते. आनंदाचा चेहरा जांभळा पडला. मी किटली टाकली आणि सर्जेरावाच्या दोन्ही कानांना धरलं. मुलांचे कानसुद्धा मी कधी धरले नव्हते. त्याला दुखलं की लाज वाटली, कोण जाणे. त्याची पकड सुटली.

आनंदा खोकत खोकत बाजूला सरकला. "एकवीस दिवस," तो कसाबसा म्हणाला. "एकवीस दिवस ढिगात ठिवून दिलंय. परतलंय. बाईंना इचार."

सर्जेराव माझ्याकडे वळला. कपाळावरचं रक्त त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी उतरत होतं. "सांगा बाई. तुमी सांगाल ते खरं."

मी खाली वाकले. दुधात पसरलेली गांडुळं उचलून तळहातावर घेतली. थंड, लिबलिबीत, मधेच फुगलेली आणि टोकाला वाळलेली. औषधानं मेलेलं गांडूळ मी आधीही पाहिलेलं होतं. हे तसंच होतं. त्यांना मातीचे कण चिकटले होते, गवताची काडी होती, झेंडूच्या दोन पाकळ्या होत्या. दिवाळी होऊन आठवडा झाला नव्हता. पाकळ्या गावभर होत्या.

मग मी आनंदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आनंदा, खरं सांग. ढीग परतलास का रे?"

एवढंच म्हणाले. पण त्याच्या तोंडावर काय उमटलं ते मला अजून दिसतं. लाथांनी, गुडघ्यांनी जे झालं नव्हतं ते त्या वाक्यानं झालं.

"बाई," तो म्हणाला, "तुमी बी?"

सर्जेरावाला तेवढं पुरलं. माझा प्रश्न त्यानं निकाल म्हणून ऐकला. तो गोठ्याच्या मागच्या दारातून बाहेर गेला. तिथं ढीग होता, आणि ढिगात पहार उभी होती. त्यानं दोन्ही हातांनी वरचं टोक धरून ती हासडली. पहार बाहेर आली तशी भोकातून वाफ निघाली. ती वाफ मी पाहिली. तिचा अर्थ लावायला मला वेळ मिळाला नाही.

"सर्जा, न्हाई! आरं मरंल तो!" शेवंता भिंतीपाशी किंचाळली.

आनंदा मागं सरकत सरकत गव्हाणीला टेकला. आणखी मागं जागा नव्हती. त्यानं डोक्यावर दोन्ही हात धरले. सर्जेरावानं पहार खांद्यामागं नेली. त्या उगारण्यात राग नव्हता, हे मला तेव्हा फार भयानक वाटलं. रोज लाकूड फोडतात तशी ती उगारलेली होती.

पहारीचं खालचं टोक माझ्या समोरून वर चाललं होतं. मी उजव्या हातानं ते पकडलं.

जळत्या चुलीत हात घातल्यासारखं झालं. मला कळेना हे काय आहे. हात ओरडत होता, सोड, सोड, आणि डोक्यात सवयीनं आकडे चालू झाले. एक. सर्जेरावानं पहार पुढं ओढली, मी तिच्याबरोबर ओढली गेले. दोन. माझे पाय दुधावरून घसरले, पहार थोडी तिरकी झाली. तीन.

तीनला माझी मूठ उघडली.

पहार खाली आली. डोक्यावर आली नाही. डाव्या कोपरावर आली. वाळलेली फांदी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला. आनंदाचा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला. त्याच्या तोंडातून आवाजच निघाला नाही. तोंड फक्त उघडलं.

सर्जेरावानं पहार पुन्हा उचलली.

"सर्जा!" मी माझा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तळव्याची कातडी लाल होऊन वर आली होती, एका बाजूला फोड फुगत होता. "हे बघ. हे बघ आधी. पहार तापलेली आहे."

"व्हा बाजूला, बाई."

"ढीग तापलेला आहे, सर्जा. तो परतत होता. तो खरं बोलतोय. टोक धरून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, धरून बघ."

कुणास ठाऊक त्यानं का ऐकलं. सातवीतल्या मुलाला फळ्याशी बोलावावं तसा माझा आवाज निघाला असेल. त्यानं पहार आडवी केली आणि आतलं टोक मुठीत धरलं. त्याचे ओठ हलले. मोठ्यानं मोजायचं असतं, असं मी वर्गात शिकवलं होतं. म्हणून तो मोठ्यानं मोजू लागला.

"येक. दोन. तीन. चार." त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "पाच."

मूठ सुटली. त्याचे हात पहारीच्या कामाचे, राठ. त्याचेही पाचला सुटले.

एक गाय खाली पडलेलं दूध चाटत होती.

"मग?" सर्जेराव म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मग माझी गांडुळं कशानं मेली, बाई?"

मी खाली पाहिलं. दुधात गांडुळं होती आणि त्यांना झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. एक, दोन नाही. पाटीभर गांडुळांत मूठभर तरी असतील. गावभर पाकळ्या असतात खऱ्या, पण वाफ्यावरच्या गोणपाटाखाली कशा जातील?

आणि मग मला मुलांची रांग दिसली.

आमच्याकडे वसुबारसेपासून अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात. बोटाएवढ्या गवळणी, त्यांच्या डोक्यावर घागरी, गाई, वासरं, पेंद्या. रोज नव्या. त्या वर्षी सुट्टी असूनही मी शाळेच्या अंगणात मुलांकडून त्या करून घेतल्या. बत्तीस मुलं, पाच दिवस. आणि गवळणी म्हटल्या की शेण पांढऱ्या गाईचं हवं, हा माझा हट्ट. आनंदाच्या गोठ्यात पांढरी एकच, चांदी. सकाळी आनंदा दूध घालायला डेअरीत गेलेला असायचा, शेवंता माहेरी होती. मुलं स्वतःच चांदीखालचं शेण घमेल्यांत भरून आणायची. भाऊबीज झाली आणि पुढचा प्रश्न मीच उभा केला. दरवर्षी त्यांच्या गोवऱ्या होतात आणि चुलीत जातात. देवाचं रूप चुलीत कशाला? मुलांना म्हटलं, चला, या गवळणी आपण गांडुळांना देऊ.

बत्तीस मुलं रांगेनं ओढा ओलांडून सर्जेरावाच्या वाफ्यांवर गेली. प्रत्येकाच्या हातात परात, परातीत गवळणी, त्यांवर झेंडू. सर्जेराव दारात उभा होता. त्यानं परातींना हळदकुंकू वाहिलं. "लक्ष्मी आली माझ्या घरी," तो म्हणाला. चारी वाफ्यांवर गवळणींची गोधडी पसरली, वरून पाणी शिंपडलं. ओलं, ताजं शेण. गांडुळं वर चढून त्यावर तुटून पडणारच.

आमचा नेम शेणासाठी होता. त्या परातीत कुणाला शेण दिसलंच नाही. ना त्याला, ना मुलांना, ना मला.

"शेवंता," मी विचारलं, "चांदीला औषध कधी पाजलं?"

"वसुबारसंच्या आदल्या दिशी," शेवंता रडत म्हणाली. "म्याच धरली हुती तिला. जाताना चिंधी बी बांधली शिंगाला. निळी."

आम्ही सगळ्यांनी चांदीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात उभी होती, कानामागं सुकलेली झेंडूची माळ अजून अडकलेली. शिंगं मोकळी.

वसुबारसेला तिची पूजा मी केली होती. शिंगाला मळकी निळी चिंधी. नेम माझाच, पण पूजेच्या गाईला ती बरी दिसेना, एवढंच मला दिसलं. मी गाठ सोडली, माळ घातली, ओवाळलं. चिंधी हातात राहिली. त्याच दिवशी शाळेच्या किल्ल्यांची दोरी तुटली होती.

मी कमरेच्या किल्ल्या काढल्या. उजवा हात चालत नव्हता, डाव्या हातानं आणि दातांनी गाठ सोडली. किल्ल्या फरशीवर पडल्या. निळी चिंधी मी सर्जेरावापुढं धरली.

"ही चांदीची आहे," मी म्हणाले. "मी सोडली. आणि गवळणी घेऊन मुलांना तुझ्याकडे मीच पाठवलं. आनंदाचा यात काही दोष नाही. माझा आहे."

सर्जेराव चिंधीकडे बघत राहिला. मग पहारीकडे. मग माझ्याकडे. पहार त्याच्या हातात होती आणि मी त्याच्यापासून एका हातावर उभी होते. त्यानं ती उचलली. मी डोळे मिटले नाहीत. मुलांना मी सांगत असे, चूक कबूल करताना समोर बघावं. म्हणून समोर बघत होते.

तो वळला आणि मागच्या दारातून बाहेर पडला. त्यानं पहार ढिगात घातली. उपसली, परत घातली. परत. परत. ढिगाच्या पोटात, कुशीत, जिथं लागेल तिथं, सगळं अंग झोकून. वाफ उसळत होती, पाचट उडत होतं आणि तो बैलासारखा आवाज काढून रडत होता. त्याला कुणी थांबवलं नाही.

आनंदा गव्हाणीला टेकून बसला होता. डावा हात त्यानं उजव्या हातानं पोटाशी धरला होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा. त्यानं मान थोडी वळवली.

"सर्ज्या," तो म्हणाला, "खोल घाल. वरवर घातलीस तर थंड लागंल, आन् परत मलाच मारशील."

सर्जेराव थांबला. पहार तशीच उभी सोडून तो आत आला, गुडघ्यांवर बसला आणि आनंदाला लहान मुलासारखं उचललं. दूध नेणाऱ्या टेम्पोतून आम्ही त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आनंदा म्हणाला, गाईनं ढकललं, गव्हाणीवर पडलो. कुठल्या गाईनं, त्यांनी विचारलं. आनंदानं नाव सांगितलं, रंग सांगितला, शिंगांची ठेवण सांगितली.

त्या वेळी मी हसले नाही.

कोपर सरळ झालं नाही. डाव्या हातानं आनंदाला धार काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सर्जेराव गोठ्यावर आला, चांदीखाली बसला आणि धार काढायला लागला. तेव्हापासून दोन्ही वेळा येतो. त्याला आता सोळा वर्षं झाली. माझ्याशी तो दोन वर्षं बोलला नाही. तिसऱ्या वर्षी शाळेत आला, माठाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "बाई, ओंजळभर द्या." मी पूर्ण माठ दिला.

मी निवृत्त झाले. संध्याकाळी मुलं अजून माझ्याकडे येतात. वसुबारसेला त्यांना घेऊन मी आनंदाच्या गोठ्यावर जाते. पूजेच्या ताटात हळदकुंकवाशेजारी निळ्या चिंध्या असतात; गवळणींचं शेण उचलण्याआधी मुलं गाईच्या शिंगाकडे बघतात, मग गाईकडे. नंतर ढिगाशी रांग लागते. पहार मी उपसते. टोक मुलं धरतात आणि मोठ्यानं मोजतात.

दरवर्षी कुणीतरी म्हणतं, बाई, आता तुम्ही. आणि मी धरते. म्हातारपणी कातडी राठ होते, थोडं जास्त धरवतं. गेल्या वर्षी सातपर्यंत गेले. या वर्षी सातच्या पुढं गेले, तेव्हा मुलांनी मोजायचं सोडून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी धरूनच होते.

आनंदा वाकड्या हातानं वैरण टाकत होता. तो थांबला. पेंढी खाली ठेवून जवळ आला आणि त्याचा चांगला हात त्यानं माझ्या मनगटावर ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "सोडा आता."